पन्नास रुपयांत परग्रह

गोष्ट किती लांब असावी हे कोण ठरवतं? 'प्रतिभा', असं संमेलनाच्या मांडवात सांगायचं असतं. मांडवाबाहेर आलं की कळतं, ते पैसे देणारा ठरवतो. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हलक्या कागदावरची मासिकं लेखकाला शब्दावर पैसे द्यायची. शब्दाला एक सेंट, कुठं दोन. त्यामुळं तिथला मंगळवासी नुसता 'हो' म्हणतच नसे. तो आधी आपले तिन्ही डोळे मिचकावी, मग क्षितिजाकडं बघे, मग 'हे पृथ्वीपुत्रा' अशी हाक मारी आणि मग होकार देई. तेवढ्यात लेखकाच्या चहाची सोय होई. फ्रेडरिक ब्राउन या गृहस्थानं 1948 साली 'नॉक' नावाची कथा लिहिली. तिच्या तोंडाशीच दोन वाक्यांची एक स्वयंपूर्ण भयकथा आहे. जगात एकटाच उरलेला माणूस आणि त्याच्या दारावर पडलेली थाप, एवढाच मामला. ती दोन वाक्यं पुढं जगभर गाजली. पण ब्राउनसाहेब तिथं थांबले नाहीत. पानंच्या पानं लिहून त्यांनी दार कुणी वाजवलं तेही सांगून टाकलं. बरोबरच आहे. दोन वाक्यांचं बिल ते काय होणार?

माझा हिशोब उलटा आहे. मी मालेगाव कॅम्पात राहतो आणि लोकांच्या मोबाइलवर अगदी छोट्या अद्भुतकथा, विज्ञानकथा पाठवतो. चाळीस-पन्नास शब्दांत यान उतरतं, काहीतरी गडबड होते आणि यान परत जातं. ज्यांना या उद्योगाचं कौतुक आहे ते महिन्याला पन्नास रुपये पाठवतात. काही जण शंभर पाठवतात. एक गृहस्थ नेमानं एकवीसच पाठवतात, आणि आकडा शुभ असल्यानं मला काही बोलता येत नाही. शब्द कितीही लिहिले तरी रक्कम तीच. अशा परिस्थितीत मंगळवासी फटकन 'हो' म्हणून मोकळा होतो.

या प्रकाराला मराठीत आता 'अलक' म्हणतात, म्हणजे अति लघु कथा. सकाळच्या सुप्रभातांच्या ढिगाऱ्यात दोन-चार अलक रोज सापडतात. त्यातल्या बहुतेकींत शेवटच्या ओळीला सून सासूच्या गळ्यात पडते, नाहीतर वृद्धाश्रमाच्या दारात मुलाला रडू फुटतं. परग्रहवासी क्वचितच. त्यामुळं माझ्या दुकानाला स्पर्धा नाही. गिऱ्हाईकही बेताचंच आहे, पण तो विषय वेगळा.

गावात हे समजावून सांगणं मात्र यान उतरवण्यापेक्षा अवघड. 'लोक मला वर्गणी देतात' म्हटलं की समोरचा विचारतो, "गणपतीची का जयंतीची?" गोष्टीची म्हटलं तर तो क्षणभर गप्प होतो आणि मग पावतीपुस्तक बघायला मागतो. मोसम पुलाजवळच्या चहावाल्यानं तर सगळं नीट ऐकून घेतलं, आपला क्यूआर कोड पुसला आणि म्हणाला, "म्हणजे माझ्यासारखंच. फक्त तुम्ही चहा देत नाही."

खरं तर यात नवीन काही नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोश काढला तो वर्गणीदार आणि भागधारक जमवूनच. गावोगाव लोकांना आधी पटवायचं, पैसे घ्यायचे आणि मग खंड हातात द्यायचे. केतकरांनी अशा वर्गणीच्या बळावर 23 खंड उभे केले. मी चाळीस शब्द उभे करतो. प्रमाण ज्याच्या त्याच्या वकुबावर. आणि परदेशातली कथाही फार निराळी नाही. जॅक काँटे नावाच्या अमेरिकन संगीतकारानं एका गाण्याच्या व्हिडिओसाठी 'स्टार वॉर्स'मधल्या यानाचा कक्ष घरीच उभारला, गाणारे यंत्रमानव आणले, खिसा रिकामा केला. आणि यूट्यूबवर लाखो लोकांनी बघितलं तरी जाहिरातींतून हातात पडायचे ते चणेफुटाणेच. त्यावर त्यानं 2013 मध्ये 'पॅट्रिऑन' काढलं, म्हणजे चाहत्यांनी थेट कलावंतालाच दरमहा पैसे द्यायचे. यानाच्या खर्चातून निघालेली ही सोय आज जगभरच्या चित्रकारांना, गाणाऱ्यांना आणि आमच्यासारख्या किरकोळ लिहिणाऱ्यांना पोसते. आपल्याकडं त्यासाठी स्वतंत्र दुकानाचीही गरज नाही. यूपीआय आहे, आणि 'आले का?' असं विचारणारा माणूस आहे.

माझ्या वर्गणीदारांत एक यंत्रमागवाले आहेत. मालेगावात हे ओघानंच आलं. या गावात रात्री माग बंद पडले तर लोकांना शांततेनं जाग येते. मागावरच्या कारागिराला विणलेल्या मीटरवर मजुरी, त्यामुळं या गृहस्थांना माझा व्यवहार पटत नव्हता. महिन्याचा दर ठरलेला आणि माल दिवसेंदिवस आखूड, हे त्यांच्या धंद्यात बसेना. "उद्या तुम्ही एका शब्दाची गोष्ट द्याल," ते म्हणाले. मी म्हटलं, शेठ, सात शब्दांची तर आहे. ग्वाटेमालाच्या ऑगुस्तो मोन्तेरोसोनं 1959 साली डायनासोरवर एक कथा छापली; मूळ स्पॅनिशमध्ये ती सात शब्दांत संपते. जागा झालेला कुणीतरी आणि अजून तिथंच असलेला डायनासोर. ती ज्या पुस्तकात आहे त्याचं नाव 'संपूर्ण साहित्य आणि इतर कथा', आणि ते त्याचं पहिलं पुस्तक. शेठनी विचार केला आणि म्हणाले, "तो वर्गणी किती घ्यायचा?"

आता थोडा माल दाखवतो. दुकानाबद्दल एवढं बोललो, तर गिऱ्हाइकाला कापड हाताळून बघू द्यायला हवं.

'यान मोसम पुलावर उतरलं. दार उघडून सेनापती म्हणाला, "आम्ही पृथ्वी ताब्यात घ्यायला आलो आहोत." हवालदारानं घड्याळ बघितलं. "घ्या. पण गाडी इथं लावू नका." सेनापतीनं पावती घेतली. पृथ्वी राहिली.'

दुसरी: 'दिव्यातून जिन निघाला. "एक वर माग." बाई म्हणाली, "नळाला रोज पाणी." जिननं वही काढली आणि विचारलं, "कुठला प्रभाग?"'

आणि ही जरा तात्त्विक: 'कालयंत्रात बसून तो गुरुवारातून शुक्रवारात निघाला. मध्येच वीज गेली. तेव्हापासून तो दोन्हींच्या मध्ये राहतो. भाडं कमी आहे.'

शुक्रवार इथं उगाच आलेला नाही. मालेगावचे माग शुक्रवारी बंद असतात, आणि बंद मागांच्या त्या एका दिवसावर या गावानं आख्खा सिनेउद्योग उभा केला. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 च्या सुमारास मित्रांना गोळा करून 'मालेगाव के शोले' काढला. कॅमेऱ्याला रूळ म्हणून सायकल, क्रेन म्हणून बैलगाडी. मग हिंमत वाढली आणि त्यांनी थेट सुपरमॅनला हात घातला. तो कसा घडला त्यावर फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट 2008 साली आला, आणि 2025 मध्ये रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरात लागला. आता जगाला आमचं गाव दंगली आणि स्फोट सोडून आणखी एका कारणानं ठाऊक आहे. या उपकाराची परतफेड नगरपालिकेच्या काळातले रस्ते दाखवून करता येण्यासारखी नाही.

त्या सुपरमॅनचं काम केलं शफीक शेखनं. तो मागावरचाच कामगार, अंगानं काडी. हिरव्या पडद्यासमोर आडवा होऊन तो आकाशात उडाला. शूटिंग चालू असताना त्याचं लग्नही उरकलं. मध्येच कॅमेरा पाण्यात पडला आणि सगळं ठप्प झालं. मग पुन्हा जुळवाजुळव. सिनेमातल्या या सुपरमॅनला दमा आहे. गावातल्या धुळीनं झालेला. खलनायकाला घाण प्रिय आहे आणि जिकडंतिकडं घाण व्हावी ही त्याची महत्त्वाकांक्षा. मालेगावात त्याला विशेष परिश्रम पडत नाहीत. शफीक पुढं तोंडाच्या कर्करोगानं गेला. वय जाण्याचं नव्हतं. त्याला पडद्यावर बघताना हसू येतं आणि हसताना मध्येच कुठंतरी अडखळायला होतं, आणि मला वाटतं त्या सिनेमाची खरी करामत या अडखळण्यात आहे.

मी त्या दम्याकडून बरंच शिकलो. विज्ञानकथेचा आजोबा एच. जी. वेल्स सांगून गेला आहे की अशक्य गोष्ट एकच मागावी, बाकी सगळं रोजचंच ठेवावं. वाचक एक थाप ऐकून घेतो, दुसरीला उठून जातो. माणूस उडतो, ही थाप. उडताना त्याला धाप लागते, हे खरं. पैसे कमी असले की हा नियम आपोआप पाळला जातो. हॉलिवूडला शहरं पाडणं परवडतं म्हणून ते शहरं पाडतात. नासिरभाईंना परवडलं नाही म्हणून त्यांच्या सिनेमात शहर जसंच्या तसं दिसतं, आणि उडणारा माणूस त्यामुळंच खरा वाटतो. चाळीस शब्दांत मलाही शहर पाडता येत नाही. पाडायचं तर आधी त्याचं वर्णन करावं लागेल, आणि वर्णनाला शब्द कुठून आणू?

आखूडपणाचं मराठीला वावडं आहे असं मात्र कुणी म्हणू नये. श्रावणातल्या कहाण्या आठवा. आटपाट नगर, एक राजा, दोन राण्या, नावडतीला देव पावतो, माडीचं गवताचं घर होतं आणि पुन्हा माडी होते. एवढ्या उलथापालथीला हल्ली तीन भागांची वेबमालिका लागेल. आमच्या आज्या ती साठा उत्तरांची भानगड पाचांत आटपून स्वयंपाकाला लागत. ऐकणाऱ्यांच्या मुठीत अक्षता असायच्या आणि कहाणी संपली की त्या वाहायच्या. म्हणजे श्रोत्याचा हात आधीपासून भरलेला. ही पद्धत मला फार योग्य वाटते. यूपीआयमध्ये ती सोय नाही. तिथं माणूस गोष्ट वाचतो, हसतो आणि 'नेटवर्क नाही' म्हणतो.

वर्गणीदारांत माझी एक मावशी आहे, सटाण्याकडची. तिची पन्नासाची वर्गणी तिचा नातू भरतो आणि गोष्ट तिला वाचून दाखवतो. दर वेळी तिचा एकच शेरा: "इतलीच गोट शे का?" अहिराणीत हा प्रश्न इतक्या मायेनं विचारता येतो की अपमान कळायला संध्याकाळ होते. तिच्या मते गोष्ट म्हणजे कशी, रात्री सुरू करावी आणि लेकरं झोपल्यावरही संपू नये. हवालदारानं पावती फाडली, बरं. पण त्या सेनापतीची बायको काय म्हणाली? त्याचं घरदार आहे की नाही? परत गेल्यावर त्याला कुणी विचारलं असेल की नाही, की बाबा, पृथ्वी कुठाय?

दुसऱ्या टोकाला आहेत गुरुजी. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, मराठी उत्तम वाचणारे. मालेगावची उर्दूची आवड वरवरची नाही. डिसेंबर 2021 मध्ये इथं राष्ट्रीय उर्दू पुस्तक मेळा भरला तेव्हा लोक पिशव्या भरभरून पुस्तकं नेत होते. उर्दूत आखूड गोष्टीला 'अफसांचा' म्हणतात आणि तिचा दबदबा मोठा आहे. मंटोनं 1948 साली 'सियाह हाशिये'त फाळणीच्या दंगली दोन-दोन, चार-चार ओळींत पकडल्या. त्या वाचल्यावर पाचवी ओळ लिहायची कुणाची छाती होणार नाही. गुरुजी त्याच घराण्याचे. माझी गोष्ट पोचली की पाच मिनिटांत त्यांचा निरोप येतो: "उम्दा. आखिरी जुमला निकाल दो." मी काढतो. पुढच्या वेळी पुन्हा शेवटचं वाक्य जातं. जिनच्या गोष्टीत आधी एक वाक्य होतं की बाई हताश होऊन दिव्याकडं बघत राहिली. गुरुजींनी तिला बघू दिलं नाही. पैसे भरून वर माल कमी करून मागणारं हे जगातलं एकमेव गिऱ्हाईक असावं.

बाकीच्यांच्या फर्माइशी साध्या असतात. नातवाचं नाव घाला. खलनायकाला आमच्या साडूचं द्या. एका शेतकरी वर्गणीदारानं कांद्यावर विज्ञानकथा मागितली. मुंगसे बाजारात ट्रॅक्टर लावून रात्र काढणाऱ्याला नाही कसं म्हणणार? मी लिहिलं, की एकानं उद्याचा कांद्याचा भाव आज सांगणारं यंत्र बनवलं. ते वाचून त्यांनी मला फोनवर शास्त्र शिकवलं. म्हणाले, "दादा, यंत्रानं भाव सांगितला, इथपर्यंत ही विज्ञानकथा. आपण बाजारात पोचलो तेव्हा तोच भाव होता, असं लिहिलंत तर अद्भुतकथा." या दोन प्रकारांतला फरक सांगायला समीक्षकांनी ग्रंथ लिहिले आहेत. त्यांनी एकदा मुंगशाला जाऊन यावं.

फर्माइशींचा धोका आहेच. देणारा ओळखीचा झाला की लिहिणारा त्याच्या तोंडाकडं बघून लिहू लागतो. जयंत नारळीकरांचं म्हणून मला नवल वाटतं. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपलीच आद्याक्षरं उलटी करून. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं ते जगतापांना. जगद्विख्यात माणसाला नाव लपवण्याची हौस परवडते. मी नाव उलटं केलं तरी पिठाच्या गिरणीवाला सुलट करून हाक मारील आणि वर विचारील, "या महिन्यात यान आलंच नाही?"

पण ओळखीचे असण्यात एक गंमतही आहे. मध्यंतरी परदेशातल्या एका वर्गणीदार बाईंनी लिहिलं की आईला फोन केला की ती पहिलं एकच विचारते, तेव्हा त्यावर काहीतरी लिहा. काय विचारते ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मी लिहिलं:

'मुलगा मंगळावर असतो. ग्रह दूर गेला की इथला शब्द तिथं पोचायला वीस मिनिटं, तिथला इथं यायला वीस मिनिटं. आईनं फोन उचलला. "जेवलास का?" म्हणाली, आणि आपलं ताट झाकून ठेवलं.'

यातली वीस मिनिटं खरी आहेत. मंगळ जवळ असतो तेव्हा संदेशाला तीनेक मिनिटं लागतात, लांब असतो तेव्हा बावीसपर्यंत. बाकी सगळी थाप, आणि ती एकच, म्हणून वेल्सची हरकत नसावी.

मावशीला नातवानं ती वाचून दाखवली. मी फोन केला आणि नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत राहिलो. तो आलाच नाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, आता पुढं काही जोडू नकोस. मग मलाच जेवणाचं विचारलं.

गुरुजींचा निरोप पाच मिनिटांत आला नाही. मी धरून चाललो की ताटाचं वाक्य जाणार. मनातून ते काढूनही ठेवलं होतं. दुपारी उशिरा फोन वाजला. "जनाब," ते म्हणाले, "आणखी एक जुमला हवा. मुलगा काय म्हणाला?"

मी म्हटलं, गुरुजी, उत्तर यायला चाळीस मिनिटं लागतात.

"मग थांबतो," ते म्हणाले. आणि फोन ठेवायच्या आत पुढच्या महिन्याचे पन्नास रुपये आल्याची टिंग वाजली.